गाडी घेताय? आधी घरातली माणसं मोजा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाडवा जवळ आला की आमच्याकडं एकाच चालीचे प्रश्न यायला लागतात, यंदाही तेच, निम्म्याहून जास्त पत्रं मिडसाइज एसयूव्हीची. मिडसाइज म्हणजे साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर लांबीच्या गाड्या, क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एलिव्हेट, कुशाक, टायगुन वगैरे. काहींनी हॅरियर आणि एक्सयूव्ही ७०० पण यातच धरल्यात, धरू देत. किमती मुद्दामच टाकल्या नाहीत, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

प्रश्न : दादा नमस्कार. घरात आम्ही दोघं नवराबायको, दोन मुलं, एक ९ वर्षांचं एक ५ वर्षांचं, आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात. रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाऊन-येऊन ३० किमी होतात, महिन्यातून एकदा पुण्याला बहिणीकडं, मे महिन्यात गगनबावड्यातून खाली कोकणात. बजेट ऑन रोड १८, लई ताणलं तर १९ लाख. क्रेटा बघितली, हायरायडर हायब्रिड बघितली, एलिव्हेट बघितली, कुशाक पण. व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय. एकजण म्हणतो इंजिन बघ, दुसरा म्हणतो मायलेज, मेव्हणा म्हणतो रिसेल. एक्सेल शीट केलंय ४२ ओळींचं. नेमकी कुठली घेऊ?
(फुलेवाडी, कोल्हापूर)

उत्तर : शीट भारीच केलं असणार, पण त्यात एक ओळ राहिली. तुम्ही सहाजण आहात. आणि तुम्ही बघितलेल्या चारही गाड्या पाच सीटच्या आहेत.

"पोरगं काय, मांडीवर बसतंय की" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसली तर १००० रुपये दंड आहे. दंड राहू दे बाजूला, अचानक जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं पोर कुणाच्या बापाच्यानं धरवत नाही. त्यामुळं आधी हे ठरवा की सहाच्या सहा माणसं एका गाडीत किती वेळा जाता. दर रविवारी जोतिबा नाहीतर पाहुण्यांकडं सगळे मिळून जात असाल तर या चार गाड्यांची तुलना इथंच थांबवा आणि किया कॅरेन्स बघून या. तिला एसयूव्ही म्हणायचं का नाही यावर लोक भांडत बसतात, बसू देत. ४५४० मिमी लांब, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) २७८० मिमी, तिसऱ्या रांगेत मुलं आरामात बसतात आणि मधली सीट एका बटणावर पुढं पडते त्यामुळं चढा-उतरायची कटकट कमी. सफारी, एक्सयूव्ही ७०० पण सहा-सातजणांच्या आहेत पण त्यांचे कामाचे व्हेरिएंट तुमच्या बजेटच्या वर जातात आणि फुलेवाडीतल्या गल्लीत ती धुडं वळवायची म्हणजे रोजची कसरत.

आणि सहाजण एकत्र म्हणजे फक्त मे महिना आणि दिवाळी एवढंच असेल तर पाच सीटरच घ्या आणि त्या दोन खेपांना इनोव्हा भाड्यानं सांगा. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले दिवस मोठी गाडी ओढत बसण्यात अर्थ नाही.

आता पाच सीटर धरून बोलू. सुरुवात आईंपासून, कारण ही ओळ पण तुमच्या शीटमध्ये नसणार. शोरूमला आईंना घेऊन जा, आणि जाताना रोजची साडी रोजची चप्पल असू दे. दार पूर्ण उघडून त्यांना स्वतःहून मागं बसू द्या, हात देऊ नका. आणि फक्त बघा. सीट कमरेच्या बरोबरीला आली तर माणूस आधी टेकतो मग पाय आत घेतो, हे गुडघ्याला सगळ्यात सोपं. सीट उंच असली तर आधी एक पाय आत टाकून त्यावर सगळं वजन उचलावं लागतं, नेमकं तेच आईंना होत नसतंय. दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे ते बघा, रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो आणि साडीची किनार त्याला घासून चिखलानं भरते. वरचं हँडल हाताला येतंय का, उतरताना पुढच्या सीटखाली चप्पल अडकती का. पाच मिनिटात कळतं, आणि घरी आल्यावर आई कुठल्या गाडीचं नाव काढतात ते ऐका.

जागेचं म्हणाल तर एलिव्हेटची मागची सीट मोकळी आहे, डिकी पण ४५८ लिटरची. क्रेटा ४३३. कुशाकचा व्हीलबेस २६५१ मिमी, म्हणजे गुडघ्याला जागा चांगली, पण रुंदी कमी असल्यानं मागं तीन मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो, आणि डिकी ३८५ लिटर. हायरायडर हायब्रिड पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालती, ती बॅटरी मागं असल्यानं डिकी फारच आखडलीय, साध्या मॉडेलपेक्षा शंभरेक लिटर कमी. कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या आणि एक फणस, झालं, बॅगा मांडीवर.

आणि कोकणातून येताना हा मुद्दा इंजिनला पण लागू होतो. आपण घाटावर राहतो, म्हणजे जाताना गाडी रिकामी आणि उतार, येताना गाडी गच्च भरलेली, एसी चालू आणि वैभववाडीकडून गगनबावड्याचा चढ. क्रेटाचं साधं १.५ पेट्रोल इंजिन ११५ पीएस ताकदीचं, टॉर्क म्हणजे ओढ १४४ एनएम, पण ती मिळते ४५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन बरंच जोरात फिरल्यावर. एलिव्हेट १२१ पीएस, १४५ एनएम, चाल तीच. म्हणजे चढाला ही इंजिनं ओरडवत न्यावी लागतात, गिअर खाली टाकत राहायचं, सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असली तर आवाज वाढतो आणि गाडी मागनं निवांत येते. चढतात दोन्ही, अडत नाहीत, पण समोर एसटी असली की ओव्हरटेकचा विचार सोडून द्यायचा. कुशाकचं १.० टर्बो ११५ पीएसचंच, पण १७८ एनएम अगदी खालपासून हाताशी येतो त्यामुळं घाटात तीच गाडी हलकी वाटते. क्रेटाच्या १.५ टर्बोत तर १६० पीएस आणि २५३ एनएम आहेत, पण ते व्हेरिएंट तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, त्याचे व्हिडिओ बघून साध्या पेट्रोलचं बुकिंग करू नका. हे आपल्याकडं फार होतं, व्हिडिओत टॉप मॉडेल, टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेल, आणि पैसे भरायचे मधल्या मॉडेलचे. जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घेणार तेच चालवायला मागा, नसेल तर थांबा.

टेस्ट ड्राइव्ह कावळा नाका ते तावडे हॉटेल आणि परत एवढीच देतात. त्यात एसी थंड आहे का एवढं कळतं. घरातली चार माणसं बसवून वाघबिळाकडून पन्हाळ्याचा चढ करू द्या म्हणावं, गाडी विकायचीय त्यांना, येतात.

आता हायब्रिडचा हिशोब. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किमी, तो प्रयोगशाळेतला. तुम्ही वर्षाला १५ हजारच्या आसपास चालवता. हायब्रिड रस्त्यावर २१ देती असं धरा आणि त्याच गाडीचं साधं पेट्रोल १५. म्हणजे ७१४ लिटर विरुद्ध १००० लिटर, वर्षाला २८६ लिटर वाचलं. लिटरला १०५ रुपये धरले तर ३० हजार. दोन्ही व्हेरिएंटमध्ये सव्वादोन लाखाचा फरक असला तर तो भरून निघायला साडेसात वर्षं. शिवाय हायब्रिडची खरी कमाई शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये असती, जिथं ब्रेक मारला की बॅटरी भरते आणि बिंदू चौकात इंजिन बंद ठेवून गाडी पुढं सरकते. पुण्याच्या हायवेला शंभरच्या स्पीडनं तो फायदा बराच कमी होतो. हायब्रिड गाडी म्हणून मस्त आहे, शांत आहे, बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी पण आहे, पण "पैसे वाचतील" म्हणून घेणार असाल तर तुमच्या रनिंगला नाही वाचत. मायलेजच्या ओळीत हिरवा रंग भरला असेल तर पुसा.

रिसेलबद्दल मेव्हण्यांचं बरोबर आहे पण ते तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यांसाठी. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्यानं रिसेल बघून गाडी घेऊ नये.

माझं मत विचारताय तर, सहाजण नेहमी असाल तर कॅरेन्स, पाचजण असाल तर एलिव्हेट, आणि तुम्हाला स्वतःला गाडी चालवायची हौस असेल, मागं बहुतेक वेळा दोघंच असतील तर कुशाक. क्रेटा वाईट नाही, पण तुमच्या बजेटात ती मधल्या व्हेरिएंटला येती आणि त्याच पैशात बाकीच्या जास्त देतात.

प्रश्न : आमचं गडहिंग्लजला होलसेलचं दुकान हाय. बेळगाव, कोल्हापूर, सांगली असं वर्षाला ३० हजार किमी सहज पडतंय. सगळे म्हणत्यात डिझेल बंद होणार, घेऊ नको. तुम्ही काय म्हणता? माझा भाचा राजारामपुरीत मास्तर हाय, त्याला पण डिझेलच घ्यायचंय.

उत्तर : तुम्ही घ्या, भाच्याला घेऊ देऊ नका.

तुमच्या रनिंगला डिझेल अजून पण सरस आहे. अडचण एवढीच की या वर्गात पर्याय कमी राहिलेत. मारुती, टोयोटाच्या मिडसाइजमध्ये डिझेल नाही, एलिव्हेटमध्ये नाही, कुशाक-टायगुनमध्ये नाही. उरतात क्रेटा, सेल्टॉस, टाटाची कर्व वगैरे, आणि जरा वर गेलं की हॅरियर, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन. क्रेटा-सेल्टॉसचं १.५ डिझेल ११६ पीएस, २५० एनएम, हायवेला माणूस थकत नाही अशी गाडी. महाराष्ट्रात १० ते २० लाखाच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलवर १४, आणि मुळात डिझेल मॉडेलच महाग, हे सगळं धरून पण ३० हजार किमीला तुमचे पैसे लवकर सुटतात. एक सांभाळा, गाडी दुकानाच्या कंपनीच्या नावावर घेणार असाल तर रोड टॅक्स २० टक्के लागतो, तेव्हा सीएला आधी विचारा की घसाऱ्यात किती परत येतंय, नंतर नको.

भाच्याचं काय, तर राजारामपुरीतून शाळा आणि शाळेतून भाजी मंडई. बीएस-६ (सध्याचा प्रदूषण नियम) डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असती, ती काजळी अडवून ठेवती. ती साठली की गाडी स्वतःच आतलं तापमान ६०० अंशाच्या आसपास नेऊन ती जाळून टाकती, पण त्यासाठी इंजिन चांगलं गरम होऊन हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका दमात पळावं लागतं. रोज तीन किमी जाऊन बंद, तीन किमी येऊन बंद, यात ते जळणं कधी पुरंच होत नाही. मग मीटरवर पिवळा दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की गाडी पिकअप देईनाशी होती, आणि मग सर्व्हिस सेंटरवाला जो आकडा सांगतो तो मास्तरांच्या पगाराला झेपणारा नसतो. तुम्हाला हा त्रास नाही, बेळगावला जाता-येता ती जाळी आपोआप साफ होती. एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन सारख्या काही डिझेल गाड्यांना वरनं डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) पण भरावं लागतं, पंपावर कॅन मिळतो, फार खर्चिक नाही पण संपू द्यायचं नाही, संपलं तर गाडी परत चालूच होत नाही.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत राहतो, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा दारात पाणी आलं. आता गाडी घेताना ग्राउंड क्लिअरन्स जास्त असलेली घ्यायची असं मिस्टरांचं म्हणणं. एलिव्हेटचा २२० मिमी आहे, क्रेटाचा १९०. मग एलिव्हेट पुराला चालेल का?

उत्तर : ताई, पुराला कुठलीच चालत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते. २२० मिमी म्हणजे साडेआठ-नऊ इंच. खड्डा, स्पीड ब्रेकर, शेतातली चाकोरी, सातारा-कागल सहापदरीकरणातली डायव्हर्जन, याला तो कामाचा. पाण्यात प्रश्न वेगळा असतो, इंजिन हवा कुठनं ओढतंय हा. ते तोंड बोनेटखाली पुढच्या बाजूला असतं. तुम्ही हळू चाललाय, पाणी नुसतं निम्म्या चाकापर्यंत आहे, आणि समोरनं ट्रक येतो, त्याची लाट बोनेटवर चढती, संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यात क्रेटा काय आणि एलिव्हेट काय, ३० मिमीनं काही होत नाही.

पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. हे मिस्टरांना दोनदा सांगा, कारण आपल्या माणसाचा हात पहिला बटणाकडंच जातो. गाडी टो करून न्यायची, फोटो काढायचे, इन्शुरन्सवाल्याला कळवायचं. साध्या फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान येतं, पण पाणी गेलेलं इंजिन चालू करायला जाऊन ते फुटलं तर कंपनी म्हणती हे पुरानं नाही तुम्ही केलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचा वेगळा ॲड-ऑन असतो. शाहूपुरी, दुधाळी, शिरोळ, चिखली-आंबेवाडी या पट्ट्यातल्या माणसानं सनरूफ सोडावं पण हा ॲड-ऑन सोडू नये. त्यातली अट पण वाचा, काही पॉलिसीत क्लेम एकदाच मिळतो. जोडीला रिटर्न टू इनव्हॉइस पण बघा, गाडी पूर्ण गेली तर घसारा वजा न करता बिलाची रक्कम मिळते, पहिली तीन वर्षं घ्यायला हरकत नाही.

बाकी उपाय गाडीत नाही, घड्याळात आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ३९ ची बातमी आली की गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडं लावून यायची, ४३ ची वाट बघत बसायचं नाही, तेव्हा सगळी शाहूपुरी एकदमच बाहेर पडत असती.

आणि यावरनं आठवलं, जुनी एसयूव्ही घेणाऱ्यांनी तर जास्तच बघावं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ असली तर गाडी पाण्यात होती. स्टेपनीच्या खोलगट जागेत गंज, सीटच्या पायाच्या बोल्टला गंज, कार्पेटला कुबट वास आणि डॅशबोर्डवर उदबत्तीछाप परफ्यूमच्या दोन-दोन बाटल्या, मग निघायचं.

प्रश्न : वडील म्हणतात पत्रा जाड पाहिजे, दाबून बघतात आणि "डबडं" म्हणतात. मी म्हणतो फाइव्ह स्टार बघूया. कोण बरोबर?
(कॉलेज विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : तू बरोबर, पण वडलांना असं सांगू नको.

बाहेरचा पत्रा अपघातात माणूस वाचवत नाही. वाचवतो आतला सांगाडा, म्हणजे दरवाजाचे खांब, खालच्या पट्ट्या, पायाखालचा भाग, तिथं कुठल्या ताकदीचं स्टील वापरलंय ते. ते दाबून कळत नाही. पुढचा भाग तर चुरगाळावा म्हणूनच केलेला असतो, तो चुरगाळला की धक्का माणसापर्यंत कमी पोचतो. क्रॅश टेस्टमध्ये ताशी ६४ किमीनं गाडी पुढनं एका बाजूला धडकवतात, बाजूनं ५० नं धडक देतात, आणि मोठ्यांचे मार्क वेगळे, लहान मुलांचे वेगळे. आपल्या देशाची क्रॅश टेस्ट, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू झाली आणि पहिल्या गाड्या हॅरियर-सफारी, दोन्ही फाइव्ह स्टार. कुशाक-टायगुनला त्याच्या आधी २०२२ लाच ग्लोबल एनकॅपचे पाच मिळालेत. क्रेटाच्या आधीच्या मॉडेलला त्याच वर्षी तीन मिळाले होते, पण २०२४ ची क्रेटा बदललेली आहे, जुने तीन तिच्या नावावर लावू नका आणि दुसऱ्या कुणाचे पाच पण लावू नका. स्टार बघताना कुठल्या सालची टेस्ट, कुठलं मॉडेल, एवढं बघायचंच.

आता आपल्याकडचा खरा धोका वेगळाच आहे. नोव्हेंबर ते मार्च, रात्री आठनंतर, शिरोळ-हातकणंगले-इचलकरंजी रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, टेल लॅम्प नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली गेलेला. एडास, म्हणजे समोरचं बघून चालकाला मदत करणारी कॅमेऱ्याची यंत्रणा, असलेली गाडी आपोआप ब्रेक मारते वगैरे जाहिरातीत दाखवतात. समोर कार किंवा माणूस असला तर मारतीही, पण बाहेर लोंबणारा ऊस आणि अंधारातली बिनदिव्याची ट्रॉली ओळखण्याची खात्री त्या कॅमेऱ्यावर ठेवू नकोस. रात्री एकदा टेस्ट ड्राइव्ह माग आणि हेडलाइट कसा पडतोय ते बघ, हे कुणीच करत नाही. आणि मागच्या सीटवरच्यांना बेल्ट लावायला लाव, वडलांपासून सुरुवात कर.

प्रश्न : मुलीला पॅनोरमिक सनरूफच पाहिजे, त्यासाठी व्हेरिएंट वाढवावा का?

उत्तर : एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात तो पडदा बंदच असतो. त्याच पैशात मागं एसीचे व्हेंट, चांगले टायर आणि सहा एअरबॅग येत असतील तर ते घ्या. हे सगळं आधीच असेल आणि पैसे उरत असतील तर घ्या की, पोरीची हौस आहे. फक्त गाडी पळत असताना तिला वर उभी करू नका, शिवाजी पुलावर असली पोरं बघून पोटात गोळा येतो.

प्रश्न : शोरूमनं कोटेशन दिलंय त्यात हँडलिंग चार्जेस, एक्सेसरीज किट, इन्शुरन्स त्यांचाच, टीसीएस, असं बरंच काही लिहिलंय. आम्ही कागलचे, पहिलीच गाडी. यातलं काय काय द्यायचं असतं?
(गृहिणी, कागल)

उत्तर : वहिनी, कोटेशन लेखी घेतलंत हे बरं केलंत, निम्मे लोक व्हॉट्सॲपवरच्या एका आकड्यावर ॲडव्हान्स देऊन येतात.

एक्स-शोरूम, रोड टॅक्स-रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, फास्टॅग, ही द्यायचीच. टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडून आधीच घेऊन भरतो तो आयकर, १ टक्का, दहा लाखाच्या वरच्या गाडीला लागतो, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो. म्हणून बिल ज्याच्या नावावर त्याचाच पॅन द्या, सासऱ्यांचा पॅन आणि नवऱ्याचं नाव असा घोळ नको.

हँडलिंग चार्जेस हा कुठल्या कायद्यातला प्रकार नाही. हे कशाचे, पावती देणार का, एवढं विचारलं की बहुतेक वेळा ते निघून जातात. एक्सेसरीज किट घ्यायची सक्ती नाही. मॅट, सीट कव्हर बाहेर निम्म्यात होतं, फक्त सीट कव्हर घालताना बाजूची एअरबॅग झाकली जात नाही ना ते बघा. इन्शुरन्स बाहेरून घ्यायचा हक्क तुमचा आहे. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी लागतोच, स्वतःच्या गाडीचा भाग एक वर्षाचा. बाहेरचं कोटेशन काढून त्यांच्यासमोर ठेवा, १०-२० हजार तिथंच खाली येतात, मग त्यांच्याकडूनच घेतला तरी चालेल.

जीएसटीबद्दल पण विचारून घ्या, कारण काही लोक अजून जुनी शीट दाखवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाच्या गाड्यांना सरळ ४० टक्के जीएसटी आहे, सेस गेला. आधी १.५ लिटरवाल्यांना सेस धरून ४५ च्या आसपास पडत होता आणि २ लिटरच्या हॅरियरसारख्यांना ५०. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांना १८, पण मिडसाइज गाडी त्यात बसत नाही.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी यार्डात जाऊन गाडी बघा, उजेडात. चासी नंबरवरनं बनवल्याचा महिना आणि साल कळतं, ते बिलाशी जुळवा. पाडव्याला डिलिव्हरी पाहिजेच असेल तर पैसे आणि कागद आठवडाभर आधी पुरे करा, त्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते आणि घाईत कोण स्क्रॅच बघत नाही. अंबाबाईला गाडी दाखवायला संध्याकाळी जा, दुपारी महाद्वार रोडला पार्किंग मिळत नाही.

प्रश्न : ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि आता गाडीचं मायलेज पडलंय म्हणून बोंब पण आमचीच! ई-२० पेट्रोलमुळं नवीन एसयूव्ही घ्यायला भीती वाटतीय. खरं काय?
(ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर : इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळं २० टक्के मिसळलं की मायलेज थोडं उतरणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या नव्या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या आहेत, त्यांचे रबरी पाइप, सील त्या हिशोबानं आहेत, म्हणून नवी घेणाऱ्यानं भ्यायचं कारण नाही. जुनी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा, ई-१० लिहिलंय का ई-२०. ई-१० वाली असेल तर सर्व्हिसला गेल्यावर पेट्रोलचे पाइप आणि सील एकदा तपासून घ्या, आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल धरतं, टाकी रिकामी असली की आत हवा जास्त आणि शिरोळच्या पावसाळ्यात त्या हवेत ओल काय कमी नसते.